कळप, थवा आणि इंग्रजांची एक जुनी यादी

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडी आपल्या शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीचे पत्र आम्हाला आले. फोनच्या दिवसांत कोणी पत्र लिहिले की ते दोनदा वाचावेसे वाटते. हे आम्ही चारदा वाचले. ती आता एका जिल्ह्याच्या ठिकाणी परिचारिका आहे. तिची मुलगी तेथील एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पाचवीत शिकते. शाळेने मुलांना प्राण्यांच्या समूहवाचक नामांची एक लांबलचक यादी पाठांतरासाठी दिली होती. मुलीने आईला विचारले, घुबडांच्या घोळक्याला काय म्हणतात? आईने आपल्या शाळेत शिकलेले आठवून सांगितले, ‘फ्लॉक’. वही परत आली तेव्हा ‘फ्लॉक’वर लाल रेघ होती, वर ‘पार्लमेंट’ असे लिहिले होते आणि खाली शेरा होता की पालकांनी अभ्यासाकडे लक्ष द्यावे.

“सर, शेऱ्याचे मला फार वाटले नाही,” तिने लिहिले होते. “पण त्या दिवसापासून मुलीने मला काही विचारणे बंद केले. आता ती परस्पर शेजारच्या ताईंकडे वही घेऊन जाते. सर, हे शब्द आपण आम्हाला का शिकवले नाहीत?”

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आमच्याकडे शाळेच्या वाटचालीवर लेख मागितला होता. वाटचालीवर लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि आमच्याहून चांगले लिहिणारे आहेत. आम्ही या पत्राला उत्तर लिहावयाचे ठरविले. प्रश्न एकीने विचारला असला तरी तो आमच्या हाताखालून गेलेल्या अनेकांच्या मनात असू शकतो, आणि आज ज्यांची मुले वह्या घेऊन समोर येतात त्या पालकांच्या मनात तर निश्चितच असणार.

प्रथम कबुली देतो. आम्ही इतिहासाचे. इंग्रजीच्या शिक्षकाची जागा रिकामी राहिली म्हणून तो विषय आमच्याकडे आला आणि काही वर्षे आमच्याकडेच राहिला. त्या काळात समूहवाचक नामांचा पाठ आम्ही दोन तासांत उरकीत असू. ‘पार्लमेंट ऑफ आउल्स’ आम्ही शिकवले नाही याचे एक कारण असे की, ते आम्हालाही ठाऊक नव्हते. हे प्रांजळपणे लिहिल्याशिवाय पुढचे लिहिण्याचा अधिकार आम्हाला पोहोचत नाही.

ठाऊक झाल्यावर मात्र आमच्यातील इतिहासाचा विद्यार्थी जागा झाला. हा शब्द कोणी ठरविला, केव्हा ठरविला आणि कोणासाठी ठरविला, हे तीन प्रश्न आम्ही दहावीच्या मुलांना कोणत्याही साधनासमोर विचारावयास शिकवितो. तेच आम्ही या यादीसमोर विचारले.

इंग्लंडमध्ये लंडनच्या वायव्येस सेंट ऑल्बन्स नावाचे गाव आहे. तेथे 1486 साली एक पुस्तक छापले गेले. पुढे ते ‘बुक ऑफ सेंट ऑल्बन्स’ या नावाने प्रसिद्ध झाले. ते छापणाऱ्याचे नाव इतिहासाला माहीत नाही. तो पूर्वी त्या गावचा शाळामास्तर होता एवढाच उल्लेख मागे उरला आहे. आमच्या व्यवसायबंधूंचे नाव काळाने पुसून टाकावे, याचे नवल वाटू नये. पुस्तकातील शिकारीचा भाग डेम ज्युलियाना बर्नर्स नावाच्या एका कुलीन स्त्रीच्या नावावर सांगितला जातो. पुस्तकाचे विषय तीन: ससाणे पाळून त्यांच्याकडून शिकार करविणे, कुत्र्यांच्या साहाय्याने शिकार करणे आणि घराण्यांची कुलचिन्हे. ढालींवरची ती चिन्हे त्यात रंगांत छापली आहेत, आणि इंग्लंडमधील रंगीत छपाईचा तो पहिला नमुना समजला जातो. याच पुस्तकात श्वापदांच्या आणि पाखरांच्या समूहांची दीडशेहून अधिक नावांची एक यादी आहे. तशा याद्या त्यापूर्वीच्या हस्तलिखितांतही फिरत होत्या; छापखान्याने तिला पाय दिले. सिंहांची ‘प्राइड’, बदकवंशातल्या हंसिणींचा ‘गॅगल’, चंडोलांचे ‘एक्झाल्टेशन’, कावळ्यांचा ‘मर्डर’ ही आजच्या मुलांच्या वह्यांतली नावे तेथून आलेली आहेत.

हे पुस्तक शेतकऱ्यासाठी नव्हते, धनगरासाठी नव्हते, कोळ्यासाठी तर नव्हतेच. कुलीन घरातल्या मुलाने शिकारीच्या मैदानावर तोंड उघडले की त्याचे कूळ कळावे, यासाठी ते होते. हरणांच्या समूहाला एक शब्द, रानडुकरांच्या समूहाला दुसरा, तितरांच्या समूहाला तिसरा. ज्याला हे पाठ, तो आपल्यातला. जो चुकला, तो बाहेरचा. आर्थर कॉनन डॉइलची शेरलॉक होम्सची कथा आपल्याकडे पुष्कळांनी वाचली असेल. त्याच लेखकाची 1906 सालची ‘सर नायजेल’ नावाची ऐतिहासिक कादंबरी आहे. तिच्यात एक म्हातारा सरदार एका तरुणाला नेमकी हीच परीक्षा घेत बसतो, अमक्या जनावराच्या समूहाला काय म्हणशील म्हणून. वाचताना आम्हाला पाचवीतली लाल रेघ आठवली.

ज्या समाजात हे पुस्तक निघाले त्याची पार्श्वभूमी थोडी सांगितली पाहिजे. नॉर्मन राजांनी 1066 नंतर इंग्लंडमधील मोठमोठी अरण्ये राजाच्या शिकारीसाठी राखून ठेवली आणि त्यांच्यासाठी वेगळे कायदे केले. 1381 साली तेथे शेतकऱ्यांचा मोठा उठाव झाला. तो मोडून काढल्यानंतर दशकभराच्या आत, 1389–90 च्या सुमारास, पार्लमेंटने असा कायदा केला की ज्याच्या जमिनीचे उत्पन्न वर्षाला चाळीस शिलिंगांपेक्षा कमी आहे अशा सामान्य माणसाने शिकारी कुत्रा बाळगू नये, जाळे बाळगू नये, हरीण, ससा किंवा थोरामोठ्यांच्या शिकारीचे दुसरे जनावर मारू नये. पुढे 1671 च्या कायद्याने ही अट आणखी वर चढविली. ती पुरती उठली 1831 साली. म्हणजे ज्या शतकात ही यादी छापली गेली, त्या शतकात इंग्लंडमधील बहुसंख्य माणसांना त्यातल्या निम्म्या प्राण्यांना हात लावण्याची मुभा नव्हती. जनावरही त्यांचे आणि जनावराचा शब्दही त्यांचा.

पुस्तकाच्या इतर भागांवर नजर टाकली की हे अधिक स्पष्ट होते. कोणत्या दर्जाच्या माणसाने कोणता शिकारी पक्षी हातावर बसवावा याची त्यात उतरंड दिली आहे. गरुड सम्राटाला, जिरफाल्कन राजाला, बहिरी ससाणा अर्ल दर्जाच्या सरदाराला, मर्लिन जातीचा छोटा ससाणा सरदारघराण्यातील स्त्रीला; खाली येत येत गॉसहॉक म्हणजे मोठा शिकरा जमीनधारक शेतकऱ्याला आणि स्पॅरोहॉक धर्मगुरूला. गरुड हातावर घेऊन प्रत्यक्षात कोणी सम्राट शिकारीस जात नसे. पण उतरंडीला वरची पायरी लागतेच. कुलचिन्हांच्या भागात तर माणसांचीच वाटणी आहे. बायबलमधील काइन आणि हाम यांच्या वाटेने आलेले ते हलके, याफेथाच्या वंशातले ते कुलीन. जन्मावरून माणसाची योग्यता ठरविण्यासाठी धर्मग्रंथातील पूर्वज शोधण्याची ही युक्ती काही एकाच देशाची मालमत्ता नाही.

आता यादीकडे वळू, कारण खरी गंमत आणि खरा काटा तिच्यातच आहे. ‘प्राण्यांची यादी’ म्हणून ती आज छापली जाते, पण मूळ यादीत प्राण्यांमध्ये माणसेही बेमालूम मिसळलेली आहेत. राजपुत्रांच्या समूहाला तेथे ‘स्टेट’ म्हणजे वैभव म्हटले आहे, न्यायाधीशांच्या समूहाला ‘सेंटेन्स’ म्हणजे निकाल. जोगिणींच्या समूहाला ‘सुपरफ्लुइटी’, म्हणजे नको इतक्या. भिकाऱ्यांच्या समूहाला ‘फायटिंग’, म्हणजे हाणामारी. आणि चांभारांच्या समूहाला ‘ड्रंकशिप’. याचा अर्थ दारूबाजी.

नववीच्या वर्गात ही यादी फळ्यावर उतरविताना त्या ओळीपाशी आम्ही थांबलो होतो. खडू हातात तसाच राहिला. वर्गात दोन मुले अशी होती की ज्यांचे वडील रस्त्याच्या कडेला पाल टाकून चपला शिवीत. आम्ही ती ओळ लिहावी की गाळावी? क्षणभर गाळावी असे वाटले. मग लिहिली. एका मुलाने शांतपणे विचारले, “सर, ही यादी चपला घालणाऱ्यांनी केली का?” त्यानंतर तासभर आम्हाला काही शिकवावे लागले नाही. मुलेच बोलत होती. ज्याच्या हातात लेखणी आहे त्याने ज्याच्या हातात आरी आहे त्याला नाव ठेवले, एवढे त्यांना आमच्या मदतीशिवाय कळले. इतिहासाच्या अभ्यासक्रमात साधनांची चिकित्सा नावाचे एक प्रकरण असते. ते त्या वर्षी आम्ही इंग्रजीच्या तासाला शिकविले.

याच यादीत संन्याशांच्या, म्हणजे ख्रिस्ती मठवासी पुरुषांच्या समूहालाही एक कुत्सित नाव आहे. तेव्हा एका मुलीने विचारले की मग भिक्खूंच्या समूहाला इंग्रजीत काय म्हणावयाचे? तिला शब्दकोश दाखविला. ‘संघ’ हाच शब्द तेथे इंग्रजी अक्षरांत उभा होता. मुलांना कोण आनंद झाला!

एक गोष्ट येथे नीट सांगितली पाहिजे, नाहीतर आमच्यावर एकांगीपणाचा दोष येईल. या यादीतील पुष्कळ नावे शिकाऱ्यांनीही प्रत्यक्षात कधी वापरली नसावीत. ती विनोद म्हणून, शब्दांचा खेळ म्हणून रचलेली दिसतात. बिबट्यांच्या समूहाला त्यात ‘लीप’ म्हणजे झेप म्हटले आहे. बिबट्या एकटा राहणारा प्राणी. आपल्याकडे जुन्नर भागातील उसाच्या फडात मादी आणि तिचे बछडे एकत्र सापडतात. त्यापेक्षा मोठा बिबट्यांचा जमाव सहसा नाही. इंग्लंडात तर जंगली बिबट्याही नाही आणि सिंहही नाही. सिंह होते ते लंडनच्या टॉवरमध्ये, राजाने पिंजऱ्यात ठेवलेले. म्हणून ‘प्राइड’ म्हणजे दिमाख, हे नाव रानातल्या सिंहाकडे पाहून पडलेले नाही, ते ढालीवरच्या सिंहाकडे पाहून पडले असावे. पण नशीब पाहा: तोच शब्द पुढे टिकला आणि आज प्राणिशास्त्रज्ञ सिंहांच्या कुटुंबाला गंभीरपणे ‘प्राइड’ म्हणतात. शब्द कसा जन्मला यावरून तो कसा जगेल हे सांगता येत नाही.

कावळ्यांच्या ‘मर्डर’चा प्रवास उलट आहे. पंधराव्या शतकानंतर तो वापरातून जवळजवळ नाहीसाच झाला होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, 1801 साली, जोसेफ स्ट्रट नावाच्या अभ्यासकाने इंग्लंडमधील जुन्या खेळांवरील ग्रंथात असले शब्द पुन्हा नोंदविले. विसाव्या शतकात हौशी लोकांनी ते उचलून धरले. 1968 साली जेम्स लिप्टन या अमेरिकी लेखकाने ‘अ‍ॅन एक्झाल्टेशन ऑफ लार्क्स’ हे पुस्तक काढले, त्यात जुनी नावे दिली आणि स्वतःचीही नवी भर घातली. तेव्हापासून अशा याद्यांना जो बहर आला तो अद्याप ओसरलेला नाही. आणि आपल्या विद्यार्थिनीच्या मुलीची ती घुबडे? ‘पार्लमेंट ऑफ आउल्स’ हे 1486 च्या यादीत नाहीच. सी. एस. लुईस यांच्या 1953 साली प्रसिद्ध झालेल्या ‘द सिल्व्हर चेअर’ या बालकादंबरीतील एका प्रकरणाला हे नाव आहे. चॉसर या जुन्या कवीच्या ‘पाखरांचे पार्लमेंट’ या अर्थाच्या काव्याशी तो खेळ आहे. मुलांच्या गोष्टीतला एक गोड विनोद पाचवीच्या परीक्षेत मापदंड होऊन बसला आणि त्याने एका आईला मुलीसमोर अडाणी ठरविले. तिने लिहिलेले ‘फ्लॉक’ चूक नव्हते. पक्ष्यांच्या समूहाला, मग तो घुबडांचा असो की कावळ्यांचा, इंग्रजी माणूस रोजच्या बोलण्यात ‘फ्लॉक’ म्हणतो.

मग शिकवावे काय? येथे आमचे मत स्पष्ट आहे. इंग्रजी भाषा कमी शिकवावी असे आम्ही कधीही म्हणणार नाही. आपल्या मुलांना ती पुरेपूर आली पाहिजे. परंतु जे शब्द इंग्लंडमधल्या गुराख्याच्या, मेंढपाळाच्या, कोळ्याच्या तोंडी होते ते आधी, आणि सरदारांच्या चैनीचे शब्द नंतर, असा क्रम असावा. गंमत अशी की गुराख्याचे शब्द आपल्या मुलांना अर्ध्या तासात येतात, कारण त्यामागची जनावरे त्यांनी राखलेली असतात.

‘हर्ड’ घ्या. चरणाऱ्या, खुरांच्या जनावरांचा कळप तो ‘हर्ड’: गाई, म्हशी, हरणे; आणि खुरांचा नियम थोडा वाकवून हत्तीसुद्धा. ‘शेफर्ड’ या शब्दाच्या शेपटाला हाच धातू चिकटलेला आहे. शीप राखणारा तो शेफर्ड. जनावरे हाकत नेली की त्यांचा ‘ड्रोव्ह’ होतो, कारण ‘ड्राइव्ह’ म्हणजे हाकणे. आपण खिल्लार म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे धुळीचा जो लोट उभा राहतो तो ‘ड्रोव्ह’मध्ये आहे. ‘कॅटल’ या शब्दाचे मूळ मालमत्ता या अर्थाचे आहे, आपण पशुधन म्हणतो तसेच; आणि तो नेहमी अनेकवचनी चालतो, ‘कॅटल आर’, ‘कॅटल इज’ नव्हे.

‘फ्लॉक’ पक्ष्यांसाठी आणि मेंढ्यांसाठी. शेळ्यांना ‘फ्लॉक’ म्हणा किंवा ‘हर्ड’, दोन्ही चालते. मराठीत थवा पाखरांचा आणि कळप मेंढरांचा, तेव्हा मुले येथे अडखळतात. त्यांना वाटते दोहोंसाठी एकच शब्द असणे हे इंग्रजीचे दारिद्र्य आहे. त्यांना आम्ही सांगतो की जुन्या इंग्रजीत हा शब्द मुळात माणसांच्या जमावाचा होता, पाखरे आणि मेंढ्या नंतर आल्या. आपल्या धनगरांच्या ‘वाड्या’ची येथे आठवण होते. त्यांचा वाडा म्हणजे दगडविटांचे घर नव्हे. माणसे, मेंढरे, घोडी, कुत्री मिळून एका शेतात उतरलेला मुक्काम तो वाडा. माणूस आणि जनावर एका शब्दात मावते, पण तेथे कोणी कोणाला हिणवीत नाही.

‘पॅक’ शिकार करणाऱ्यांचा: लांडगे, रानकुत्रे, शिकारी कुत्री. गावातल्या मोकाट कुत्र्यांच्या टोळीलाही हाच शब्द चालतो. ‘स्वार्म’ उडत्या किड्यांचा. मधमाश्या पोळ्यात असतील तर ‘हाइव्ह’, उठल्या की ‘स्वार्म’. मोहोळ उठणे म्हणजे काय, हे ज्याने एकदा अनुभवले त्याला ‘स्वार्म’चा अर्थ समजावण्याची गरज नाही. टोळांनाही ‘स्वार्म’च, आपण टोळधाड म्हणतो. माकडांची ‘ट्रूप’, मुंग्यांची ‘कॉलनी’.

‘लिटर’ आणि ‘ब्रूड’ यांत शहरी मुले हमखास घोटाळा करतात, आपली करीत नाहीत. ‘लिटर’ मूळचा अंथरुणाचा शब्द, जनावराखाली पसरलेल्या गवताचा. त्या गवतावर एकाच वेळी जन्मलेली पिल्ले ती ‘लिटर’. म्हणजे आपले ‘एका वेताची’. कुत्रीची, मांजरीची, डुकरिणीची. कोंबडीने उबवून काढलेली पिल्ले ‘ब्रूड’. वेत आणि उबवणी यांतला फरक ज्याला माहीत आहे त्याला पाठांतर कशाला? बैलांची जोडी ‘योक’, म्हणजे जूच. हे शब्द शिकविताना आम्हाला वर्गात प्रथमच असे दिसले की, मागच्या बाकावरची, एरवी इंग्रजीच्या तासाला मान खाली घालून बसणारी मुले हात वर करीत आहेत.

व्याकरणाकडे मात्र डोळेझाक करू नये. खऱ्या चुका शब्द निवडताना होतात त्याहून अधिक वाक्य बांधताना होतात. मराठीत ‘हत्ती’ एकवचनीही आणि अनेकवचनीही तसाच राहतो, म्हणून मुले ‘अ हर्ड ऑफ एलिफंट’ लिहितात. तेथे ‘एलिफंट्स’ हवे. उलट ‘शीप’ आणि ‘डिअर’ यांना शेवटी ‘स’ लागत नाही, तेथे ती उत्साहाने लावतात. क्रियापद समूहाप्रमाणे चालते: ‘अ फ्लॉक ऑफ शीप इज ग्रेझिंग’. समूहातले घटक वेगवेगळे वागत असतील तर इंग्लंडमधील लोक अनेकवचनी क्रियापदही वापरतात, पण शालेय परीक्षेपुरते ‘इज’ धरून चालावे. एक ‘पार्लमेंट’ पाठ करण्यात जाणारा वेळ या ‘इज’वर घालविला तर फायदा जन्मभराचा आहे.

सरदारी यादीतले सर्वच टाकाऊ आहे असेही नव्हे. त्यातले काही शब्द खरोखर डोळे उघडे ठेवून केलेले आहेत. स्टार्लिंग पक्ष्यांच्या थव्याला तेथे ‘मर्मरेशन’ म्हटले आहे, हजारो पंखांच्या आणि कंठांच्या कुजबुजीवरून. आपल्या साळुंकीच्या कुळातला हा पक्षी. हिवाळ्यात ज्वारी हुरड्यावर आली की भोरड्यांचे थवे उतरतात, त्याही याच कुळातल्या. माळ्यावर उभे राहून गोफण फिरविणाऱ्याने तो आवाज ऐकलेला असतो: आधी भुर्र, मग सगळे आभाळ एकदम वळते. उडत्या हंसिणींच्या रांगेला ‘स्केन’ म्हणतात, म्हणजे सुताची लड. बगळ्यांची माळ म्हणणाऱ्या भाषेला हे निराळे सांगावयास नको. असे शब्द मुलांना जरूर द्यावेत, पण खाऊ म्हणून द्यावेत. खाऊ आला नाही म्हणून कोणाला शिक्षा होत नाही.

माशांच्या थव्याला ‘शोल’ म्हणतात आणि ‘स्कूल’ही म्हणतात. शाळेच्या स्मरणिकेत हे न लिहून कसे चालेल! माशांची ‘स्कूल’ आणि मुलांची ‘स्कूल’ यांचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. मुलांची आली ग्रीकमधून लॅटिनमार्गे, आणि तिच्या मुळाचा अर्थ आहे फुरसत. माशांची आली डच भाषेतून, तिचा अर्थ घोळका. दोन वेगळ्या वाटांनी आलेले शब्द एकाच स्पेलिंगच्या दारात उभे राहिले.

आमच्या विद्यार्थिनीला आम्ही हे सर्व सविस्तर लिहून कळविले. तिचा प्रश्न होता, का शिकवले नाहीत. उत्तराचा एक भाग वर दिलाच आहे: आम्हाला येत नव्हते. दुसरा भाग असा की तिला शिकविलेले ‘फ्लॉक’ बरोबर होते, पण ते बरोबर आहे असे ठामपणे म्हणण्याचे बळ आम्ही तिला दिले नाही. लाल रेघ आली की आपलेच चुकले असणार, ही सवय आमच्या वर्गातूनच तिच्याबरोबर गेली असेल, तर त्याची जबाबदारी आमच्याकडे येते. त्या शाळेतील बाईंनाही दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या हाती कोणी तरी छापील यादी दिली, जशी 1486 साली सरदारपुत्रांच्या हाती दिली होती.

दोन महिन्यांनी उत्तर आले. पाकिटात एक चित्र होते. पाण्यात मासे रांगेने चालले आहेत, प्रत्येकाच्या पाठीवर दप्तर आहे आणि सर्वांत पुढच्या, जरा जाड माशाला चष्मा आहे. तो मासा कोण, हे आमच्या सहकाऱ्यांनी आम्हाला न विचारताच ओळखले. चित्राच्या मागे पेन्सिलीने लिहिले होते: “आजोबा सर, मुंगसांच्या घोळक्याला काय म्हणतात? मी आईला विचारले. ती म्हणाली, आपण दोघी मिळून सरांना विचारू.”

आम्ही कोश काढून बसलो. जुन्या यादीत मुंगूस नाही, कारण त्या सरदारांच्या रानात मुंगूस नव्हते. आपल्याकडचे मुंगूस बहुधा एकटे किंवा जोडीनेच फिरते. इंग्रजीतला ‘मंगूस’ हा शब्दच मुळी आपल्या ‘मुंगूस’वरून, पोर्तुगीजांच्या तोंडून पुढे गेलेला आहे. त्याचे अनेकवचन ‘मंगूसेस’, ‘मंगीस’ नव्हे, हेही कळविले. आणि लिहिले की तूर्त सरळ ‘अ ग्रुप ऑफ मंगूसेस’ लिहावे. बाईंनी लाल रेघ मारलीच, तर ती वही आईने स्वतः घेऊन शाळेत जावे.